मले सांगू नका, करून दाखवा

डॉक्टरला फसवणारे पेशंट आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव सापडतील, बायकोला फसवणारे तर घरोघर सापडतील. पण आमच्या सुनेच्या मावशीला फसवून सुखरूप सुटलेला हृदयाचा पेशंट अजून जन्माला यायचा आहे. मी प्रयत्न करून पाहिला होता. एकदा नव्हे, चांगल्या पाच-सहा वेळा. चौतीस वर्षं शाळेत मास्तरकी केल्यामुळे लबाडीच्या सगळ्या तऱ्हा मला तोंडपाठ होत्या. पाटीवर थुंकी लावून पुसणारी, पोटात दुखतंय म्हणून कळवळणारी, शेजाऱ्याच्या वहीत मान न वळवता बघणारी पोरं मी हातोहात पकडली आहेत. त्यामुळे स्वतःवर वेळ आली तर आपण या पोरांपेक्षा नक्कीच सरस ठरू, असा मला विश्वास होता. तो पहिल्याच रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, माझ्याच न्हाणीघराच्या दाराशी संपला.

या मावशी खामगावला दवाखान्यात नर्स. हृदयाच्या पेशंटांत त्यांची सगळी नोकरी गेली. अंगाने ठेंगण्या, रंगाने सावळ्या, चष्म्याला मागून नाडी बांधलेली, आणि काखेत एक कापडी पिशवी. त्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला वजनकाटा असे. पाय ठेवून उभं राहायचा, चांगला जडशीळ. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी हा काटा घेऊन त्या खामगाव-चिखली एसटीत बसत आणि अमडापूरला उतरत. एकदा गर्दीत पिशवी फाटली आणि काटा बाहेर आला, तर अर्ध्या गाडीने स्वतःचं वजन करून घेतलं, असं त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाल्या, "दोघाजनाईचे पाय सुजेल होते. उतरल्याबरोबर दवाखान्यात जा म्हनलं. एक गेला. दुसरा जाईन म्हने." तो दुसरा गेला की नाही, याची रुखरुख त्यांना कित्येक आठवडे होती.

माझी आणि त्यांची गाठ या कामासाठी पडायचं कारण माझं हृदय. मागच्या थंडीत मला धाप लागायला लागली, पाय सुजले, आणि मला खामगावला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की हृदय आकाराने मोठं झालंय आणि जोराने कमी पडतंय. गुरुजींचं काळीज मोठं आहे असं गावात सगळेच म्हणायचे, पण त्याचा असा पुरावा निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग नियम आले. मीठ बेताचं, गोळ्या वेळेवर, रोज सकाळी वजन, आणि दिवसभरात सगळं मिळून दीड लिटरच पाणी. जास्त झालं की ते पायात उतरतं, मग फुफ्फुसात चढतं.

मुलगा पुण्याहून आला तो मला न्यायच्या तयारीनेच. बायको जाऊन मला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी अमडापूरच्या या दोन खोल्यांत एकटा राहतो. घर आम्ही दोघांनी बांधलं, ओट्याच्या पाच पायऱ्यांवर तिने स्वतः पाणी मारलं होतं. मुलाचं म्हणणं, बाबा, आता एकटं राहायचं नाही. चूक काहीच नव्हतं. पण त्याच्या सातव्या मजल्यावर मी महिनाभर राहून आलो होतो. तिथे सगळं होतं; फक्त सकाळी दार उघडल्यावर मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी हट्टाला पेटलो, तो रडवेला झाला, आणि शेवटी सुनेने तोडगा काढला. म्हणाली, "माझ्या मावशीला बघू द्या. जूनपर्यंत ती येत जाईल. ती म्हणाली बाबा एकटे राहू शकतात, तर राहा. नाही म्हणाली, तर मुकाट्याने चला." मी लगेच कबूल झालो. सुनेच्या माहेरच्या बाई, म्हणजे नात्याने आमच्या विहीणबाईच. मनात म्हटलं, पोहे करू, पाहुणचार करू, दोन गोड गोष्टी बोलू, आणि जूनमध्ये पास होऊन बसू.

त्या पहिल्या रविवारी मी जय्यत तयारी केली होती. शेजारच्या इंदूबाईंकडून पहाटेच दोन बादल्या भरून न्हाणीघरात ठेवून घेतल्या, एकीत आंघोळ उरकली, इस्त्रीचा शर्ट घातला, ओट्यावर सतरंजी टाकली. विहीणबाई आल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी हात आडवा धरला. "पेशंटच्या घरी मी पानी घेत नाई गुरुजी. पानी घेतलं का डोये मऊ होतात." चहा नाही, पोहे नाहीत. पिशवीतून दोनशे पानी वही काढली, पेन काढलं आणि विचारलं, "आंघोळ कशी करता?"

मी म्हटलं, "व्यवस्थित करतो की. काही त्रास नाही."

"मले सांगू नका, करून दाखवा."

मी म्हटलं, अहो, माझी झाली आंघोळ. तर म्हणाल्या, "मंग आखीन एकदा करा. ऊन तापाले लागलं आता." एवढ्या नात्यातल्या बाईंशी वाद घालणं बरं दिसलं नसतं. शेवटी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि आत तांब्या वाजायला लागला. बाहेर त्या स्टूल टाकून, घड्याळ हातात धरून बसल्या होत्या. मी कपडे करून बाहेर आलो, तर वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "नवव्या तांब्याले थांबले तुम्ही. मंग चौदाव्याले. चौदाव्याले जास्त येळ थांबले. भिताडाले हात लावला व्हता न?" लावला होता. दार बंद होतं, फट नव्हती, खिडकी मागच्या अंगाला, आणि या बाईंना माझा हात भिंतीला लागलेला दिसला होता. पुढे विचारलं, "बादली कोनं भरली?" मी म्हटलं, मीच. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, हौदापासून न्हाणीघरापर्यंतच्या फरशीकडे पाहिलं. "पानी आनतानी मानसाच्या हातून सांडते. हौदापासून इथलोक बारीक पायाचे सुकेल ठसे आहेत. बाईमानसाचे." चौतीस वर्षांत एका पोरालाही मी असं पकडलं नव्हतं.

मला वाटलं, झालं, आता पुणे. पण त्या रागावल्या नाहीत. वही माझ्यापुढे धरली. पानावर हाताने आखलेले तीन रकाने होते. पहिल्यावर लिहिलं होतं, 'स्वतः करतात'. दुसऱ्यावर, 'मदत लागते'. आणि तिसऱ्यावर, 'मदत लागते पण सांगत नाहीत'. म्हणाल्या, "गुरुजी, दुसऱ्या रकान्यानं कोनी मरत नाई. म्या नोकरीत जेवढे गेलेले पाह्यले न, ते समदे या तिसऱ्यातले." माझी बादली त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिली. मग स्वतः उठून न्हाणीघरात स्टूल ठेवलं, बादली अर्धी केली, आणि इंदूबाईंना हाक मारून सांगितलं की रोज सकाळी अर्धी बादली ठेवत जा, आणि गुरुजी मागतील तेव्हा ठेवा, न मागता ठेवायची नाही. मला रोज मागावं लागे. पहिला आठवडा जीभ रेटेना. मग सवय झाली.

त्यांच्या तपासण्या कुठल्या पुस्तकात असतील असं मला वाटत नाही. शर्टाची बटणं लावायला लावत आणि कितव्या बटणाला खांदे उचलले जातात ते पाहत. डोळे मिटून मला माझ्याच गोळ्या बोटांनी ओळखायला लावत, कारण, "चष्मा हरपल्यावर काय करान?" रोज सकाळी चहाच्या आधी, एकाच जागी, एकाच लुंगीवर, माझ्या घरच्या काट्यावर वजन करायचं; रविवारी ते त्यांच्या काट्यावर पडताळलं जाई. लुंगी त्यांनी ठरवून दिली होती. दुसरी नेसलो तर आकडा बघूनच ओळखत. मिठाच्या बरणीवर तेलपेन्सिलीने रेघ मारत आणि पुढल्या रविवारी ती कुठवर उतरली ते बघत. एकदा स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या, हवेत नाक वर केलं आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालच्या ट्रंकेतून, रजयांच्या तिसऱ्या घडीखालून, कुरडयांचा डबा काढला. मी मान खाली घातली. त्यांनी डबा उघडला, एक कुरडई मोडून जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "चांगल्या झाल्या. पन मीठ किती हाय याच्यात! इंदूबाई, घिऊन जा या." त्या दिवशी माझ्या घरातून कुरडया गेल्या, त्या गेल्याच.

सगळ्यात भारी होती ती पायऱ्यांची परीक्षा. ओट्याच्या पाच पायऱ्या चढायच्या, आणि चढता चढता एकोणतीसचा पाढा म्हणायचा. ज्या पाढ्यासाठी मी दोन पिढ्यांना अंगठे धरायला लावले, तो मला भर उजेडात, गल्लीतले माझे माजी विद्यार्थी बघत असताना, लुंगीवर म्हणावा लागला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक... आणि माझी धाप. पुढचं येत होतं हो! फक्त छातीत हवा उरली नव्हती. समोरच्या गिरणीतून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, सत्त्याऐंशी!" आणि सगळी गल्ली हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'त्रिक'. मग मला पायरीवर बसवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पेशंट म्हनते मी बरा हाय. घरचे म्हनतात तो बरा हाय. पन श्वासाले खोटं बोलता येत नाई. म्हनून म्या त्यालेच विचारतो." दर रविवारी तो पाढा एकेक घर पुढे सरकावा, एवढंच आम्हा दोघांना हवं होतं. फाल्गुन संपता संपता मी 'पंचे'पर्यंत गेलो.

आणि मग चैत्रात वजन चढायला लागलं. आठवड्यात दोन किलो. चपलेचा पट्टा रुतायला लागला. मावशींनी नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा पडला तो पडलाच. पाढा पुन्हा 'त्रिक'वर आला. मुलाने फोनवर एकच वाक्य म्हटलं, "बाबा, मी तिकीट काढतो." मी घाबरलो, कारण या वेळी मी खरोखर काही लबाडी केली नव्हती. मीठ बरोबर. गोळ्या बरोबर. आणि पाणी तर मी जिवावर उदार होऊन मोजत होतो. मावशींनी दीड लिटरची खूण करून दिलेली बाटली होती, तिच्या बाहेर थेंब नाही. चहासुद्धा त्याच हिशोबात. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दीड लिटरवर दिवस काढणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. मावशींनी सगळ्या बरण्या पाहिल्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजल्या, लुंगीसुद्धा तपासली. काहीच सापडलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी दिसली. मुलाला फोनवर म्हणाल्या, "आठ दिवस थांबा. मानूस खोटं बोलून नाई राह्यला. तरी बी पानी कुठून तरी येऊन राह्यलं." डॉक्टरांना फोन करून त्यांनी गोळी वाढवून घेतली, आणि दवाखान्यातून चार दिवसांची रजा काढून दुसऱ्याच दिवशी परत आल्या.

"सकायी उठल्यापासून काय काय करता, समदं करून दाखवा," म्हणाल्या. मी वजन केलं, गोळ्या घेतल्या, बाटलीतून मोजून चहा केला. मग चपला घातल्या. "आता कुठी?" मी म्हटलं, गावातून चक्कर, पाडव्यापासून पुन्हा सुरू केलीय. डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. "चाला," म्हणाल्या आणि माझी खुणेची बाटली आणि कोपऱ्यातली रिकामी दोन लिटरची बाटली पिशवीत टाकून माझ्यामागे निघाल्या.

माझी चक्कर म्हणजे अकरा घरं. कुठे विद्यार्थ्याचं दुकान, कुठे जुने सहकारी, कुठे वाचनालय. पहिलं घर इंदूबाईंचं. ओट्यावर टेकलो, आतून पेला आला, मी पाणी प्यायलो, दोन शब्द बोललो, उठलो. मावशींनी बाटली पुढे केली. "असाच एक पेला याच्यात टाका." इंदूबाईंना वाटलं, बाईंना वाटेत प्यायला हवं असेल. त्यांनी टाकलं. गिरणीत गेलो. तिथेही पेला, तिथेही बाटलीत पेला. वाचनालयात माठातला गार पेला. चौथ्या घरापर्यंत गावात बातमी आमच्या पुढे धावायला लागली होती. सिस्टरबाई गुरुजींच्या नावानं घरोघरचं पाणी जमा करून राह्यल्या, काहीतरी तोडगा आहे. सहाव्या घरी तर सून डोक्यावर पदर घेऊन, तांब्याला हळद-कुंकू लावून दारात उभी होती, आणि हळूच विचारत होती, "सिस्टर, पानी उत्तरेकडं तोंड करून टाकू का पूर्वेकडं?" मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "बाटलीकडं तोंड करून टाका." मी हसलो. अजून मला काहीच कळलं नव्हतं.

दहावं घर युसूफभाईंचं. युसूफभाई गाद्या भरतात. त्यांच्या दुकानातल्या कापसाच्या ढिगावर बसून आम्ही चाळीस वर्षं जगाचा कारभार चालवला आहे. बसतो न बसतो तोच सुरई आली. मी पेला रिकामा केला. मावशींनी बाटली पुढे केली, युसूफभाईंनी ओतलं, आणि पाणी बाटलीच्या तोंडावरून वाहून कापसावर सांडलं. बाटली भरली होती. मावशींनी ती माझ्यासमोर ठेवली. मग पिशवीतून माझी घरची बाटली काढली, खूण केलेली, आणि शेजारी उभी केली.

"हे तुमी घरी पेता," एका बाटलीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "आन हे तुमी गावात पेले. अजून एक घर बाकी हाय."

खरं सांगतो, मी फसवत नव्हतो. मी मनापासून म्हणालो, "सिस्टर, ते पाणी पिणं नव्हे हो. कुणाच्या दारात गेलो, त्याने पेला पुढे केला, तो नाकारायचा कसा? तो मान असतो. पितो ते मी बाटलीतलं."

युसूफभाई माझ्या मदतीला धावले. "सिस्टर, गुरुजी मह्या दुकानाची पायरी चढले आन म्या पानी नाई देल्लं, तर मले जेवन नाई जाणार. आज चालीस साल झाले."

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "मनाले मान समजते, युसूफभाई. फुफ्फुसाले पानीच समजते."

युसूफभाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांच्या ध्यानात आलं की आपण रोज सकाळी प्रेमाने काय पाजत होतो. मी मात्र वेगळ्याच भीतीने गार पडलो होतो. आता या बाई म्हणणार, चक्कर बंद. आणि चक्कर बंद झाली तर अमडापूर काय आणि सातवा मजला काय, मला सारखंच. मी तसं बोलून दाखवलं.

मावशींनी दोन्ही बाटल्या परत पिशवीत टाकल्या. मग म्हणाल्या, "चक्कर कोन बंद करून राह्यलं? चक्कर बंद केली तर हा मानूस घरात बसूनच संपन. गुरुजी, देवाले पानी कायनं देता? पळीनं देता न? देव नाराज झाला काय कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा माझ्याबरोबर अकराही घरी गेल्या. घरोघरच्या बायकांना देवघरातली पळी आणायला लावली आणि तळहातावर एक पळी पाणी घेऊन दाखवलं की मान एवढ्यात मावतो. माझ्या घरच्या बाटलीची खूण त्यांनी दोन बोटं खाली आणली, म्हणजे अकरा पळ्यांना आणि एका अर्ध्या चहाला जागा झाली. लोकांनी हे असं मनावर घेतलं की विचारू नका. ज्या घरात सिस्टरबाईंचा तोडगा म्हणून आधी कुजबूज होती, तिथे आता पळी घासून, ओलं फडकं झाकून, माझी वाट बघत ठेवलेली असे. युसूफभाईंच्या घरात पळी नव्हती. त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उकळून घेतलं आणि कपाटात अत्तराच्या कुप्यांशेजारी ठेवलं. मी गेलो की ते दोन्ही हातांनी पुढे करतात आणि म्हणतात, "लो गुरुजी, पूरा समंदर." तेवढ्याशा झाकणातून पाणी पिताना मला कधी कमी प्यायल्यासारखं वाटलं नाही.

पंधरा दिवसांत वजन खाली आलं. जूनमध्ये मुलगा आला तेव्हा मी लुंगी सावरून पाचही पायऱ्या चढलो आणि 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद' हे वरच्या पायरीवर उभं राहून, गिरणीपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. मावशींनी त्याला वहीतलं त्या दिवशीचं पान दाखवलं. दुसऱ्या रकान्यात आठ ओळी होत्या आणि तिसरा कोरा होता. तो म्हणाला, "म्हणजे बाबांना आठ गोष्टींत मदत लागते?" मावशी म्हणाल्या, "हाव. आन आठी गोष्टी ते तोंडानं मागतात. तुमाले न्यायचे असन त त्याईले खुशाल न्या पुन्याले. पन त्याईची अकरा घरं बी संगं न्या." मुलाने उठून माझी भरलेली बॅग स्वतःच्या हाताने उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.

ही झाली माझी गोष्ट. पण मावशींची गोष्ट तिथे संपत नाही. जूननंतर त्या महिन्यातून एकदाच यायच्या. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आल्या, तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. काखेतली पिशवी त्यांनी खालच्या पायरीवर ठेवली. पहिली पायरी चढल्या. दुसरी चढल्या आणि माझ्या तब्येतीची चौकशी करायला थांबल्या. तिसऱ्या पायरीवर हवेबद्दल बोलायला थांबल्या. आणि त्यांचा हात भिंतीला होता. अख्ख्या वर्षात मी काही शिकलो असेन तर एवढंच, की माणूस हवेबद्दल का बोलतो.

मी म्हटलं, "सिस्टर, बरं नाही का?"

"मले काय होते! बस लय भरून होती, बस्."

मी उभा राहिलो. शाळेतला जुना आवाज आपोआप निघाला. "मला सांगू नका. करून दाखवा. एकोणतीसचा पाढा."

त्या चमकल्या. मग हसल्या, मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "एकोणतीस एके एकोणतीस," म्हणत चौथ्या पायरीवर आल्या. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." आणि पुढे आवाज आला नाही. गिरणीतूनही कुणी काही बोललं नाही. मी खाली उतरलो, त्यांचा हात धरला आणि त्यांना पायरीवर बसवलं. आत जाऊन पाण्याचा पेला भरला आणि पुढे केला. पेशंटच्या घरी पाणी न घेणारी ती बाई थोडी थांबली, मग तो घेतला आणि हळूहळू प्यायली.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"पोयापासून," त्या म्हणाल्या. म्हणजे बैलपोळ्यापासून, तीन महिने. "डुटीवर दोन जिने चढाव लागतात. कोनाले सांगू? नर्सले कोन तपासते, गुरुजी?"

मी त्यांच्या पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं, तीन रकाने आखले आणि तिसऱ्यात त्यांचं नाव लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. डोळे मऊ होतात असं त्या म्हणायच्या, ते तेव्हा मला दिसलं. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, ते नाव खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात दुसऱ्या रकान्यात लिहिलं. म्हणाल्या, "लावा फोन तुमच्या सुनेले."

त्यांची एक झडप बिघडली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, आता त्या तिथेच लेकीकडे असतात. लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली उतरायचं ते फक्त लेकीचा हात धरून, आणि हात मागून घेतात, असं लेक सांगते. अमडापूरला त्या आता पुन्हा येतील असं मला वाटत नाही. त्यांचा वजनकाटा माझ्याकडेच राहिला आहे. दर रविवारी सकाळी साडेनऊला मी इथल्या पायऱ्यांवर उभा राहतो, त्या तिकडच्या जिन्यावर उभ्या राहतात, आणि फोन कानाला लावून आम्ही दोघं आळीपाळीने पाढा म्हणतो. त्यांच्या 'त्रिक'चं आता 'सक' झालंय. परवा 'सत्ते'ला त्या अडल्या. दोनशे तीन मला येत होतं, गिरणीवाल्यालाही येत होतं, पण मी गप्प राहिलो. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. मी फोन कानाशी धरून, मला जितका वेळ त्यांनी दिला होता तितका वेळ, उभा राहिलो.